तृप्तीची गोळी

सोलापूरच्या डेपोतून सुटणाऱ्या विजेच्या बसगाड्या बायका चालवू लागल्या, तेव्हा लोकांना त्यांच्या हातातल्या स्टिअरिंगचं फार कौतुक होतं. या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. प्रत्येकीच्या सीटशेजारी भरलेली बाटली असायची. संध्याकाळी ती तशीच भरलेली घरी जायची.

द्वारका बिराजदार तुळजापूरच्या मार्गावर होती. उन्हाळ्यात पारा शेहेचाळिसाच्या पुढे जायचा. वाटेतल्या चार्जिंगच्या थांब्यांवर पुरुष ड्रायव्हर भिंतीआड जाऊन येत. बायकांच्या खोलीला कुलूप असे आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे, हे थांब्यावरच्या माणसालाही ठाऊक नसे. मग पाणीच प्यायचं नाही, हा एकच उपाय उरायचा. त्या उपायाने द्वारकाला दोनदा लघवीच्या आजाराने दवाखान्यात पाडलं. दुसऱ्या खेपेला तिच्या उशाशी मेहरून शेख बसली होती.

दोघी एकाच तुकडीत गाडी शिकलेल्या. मेहरून उंच, काटक, ओढणीची कमरेला गाठ मारून सीटवर बसणारी. गाडी मागे घेण्यात डेपोतला एकही गडी तिचा हात धरू शकत नसे. द्वारकाला मागे गाडी घ्यायला शिकवलं तेही तिनेच. आणि बोलायची वेळ आली, की मेहरून द्वारकाला पुढे ढकलायची.

"आता बास झालं," मेहरून दवाखान्यात म्हणाली. "जाऊन संडास मागायचा. लाजायचं कशाला त्यात? तू बोल. तुला बोलाय येतंय."

द्वारका बोलली. नुसती बोलली नाही, तर एका सकाळी तिने डेपोतल्या सगळ्या बायकांना गाड्यांवरून खाली उतरवलं. सुगम वाहिनी ही गाड्या चालवणारी खाजगी कंपनी. तिचे व्यवस्थापक रणदिवे साहेब यांनी दुपारच्या आत बायकांना कचेरीत बोलावून घेतलं.

रणदिवे आरडाओरडा करणारे नव्हते. त्यांनी सगळ्यांना सरबत दिलं. कुणी ते प्यायलं नाही, हे पाहून ते ओशाळले.

"तुमची मागणी शंभर टक्के रास्त आहे," ते म्हणाले. "पण त्या कुलूपबंद खोल्यांत नळही नाही. जागा, नळजोड, मैला वाहून न्यायची सोय, परवानग्या... सगळं व्हायला दोन वर्षं जातील. तोवर तुम्ही असंच सोसायचं का? म्हणून आम्ही दुसरंही काही आणलंय."

त्यांनी टेबलावर गोळ्यांचं एक चंदेरी पाकीट ठेवलं. नाव होतं, तृप्ती.

तहान घशात लागते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती मेंदूच्या तळाशी लागते. रक्तातलं पाणी जरा कमी झालं आणि मिठाचं प्रमाण किंचित वाढलं, की तिथल्या काही पेशी आकसतात आणि दोन कामं करतात. आपल्याला पाणी प्यायला लावतात, आणि व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडायला लावतात. ते संप्रेरक मूत्रपिंडांना बजावतं, पाणी बाहेर जाऊ देऊ नका. तृप्तीच्या गोळीत दोन औषधं होती. पहिलं त्या पेशींची तहानेची हाक मेंदूच्या वरच्या मजल्यापर्यंत पोहोचूच देत नसे. दुसरं व्हॅसोप्रेसिनची हुबेहूब नक्कल करून मूत्रपिंडांना कामाच्या सगळ्या वेळात पाणी धरून ठेवायला लावी. सकाळी एक गोळी घेतली, की संध्याकाळपर्यंत तहान नाही आणि लघवीही नाही. औषध तपासलेलं होतं, मंजूर झालेलं होतं. जे पाणी बाहेर जात नाही ते आत घालायची गरज नाही, असा साधा हिशेब त्यामागे होता.

बायका व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या.

"संडास मागाय आलो होतो," मेहरून म्हणाली. "गोळी घेऊन जायचं व्हय?"

"दोन वर्षं कोण थांबणार गं?" द्वारकाच्या ओटीपोटात तेव्हाही दुखत होतं. "संडासाचं मागत राहू की. ते कुठं पळतंय? गोळी तर घेऊ आधी."

मेहरूनने मागे वळून कचेरीच्या दाराकडे पाहिलं. "तू म्हणतीस तर घेऊ," ती म्हणाली.

तिच्यामागून बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

पहिले काही महिने म्हणजे सुटकाच होती. थांबा जवळ आला, तरी कुलपाकडे नजर जाईनाशी झाली. ओठ सुकायचे, पण मन पाण्याकडे धावायचं नाही. तुळजापूरच्या थांब्यावर लिंबाखाली बसून दोघी डबा खायच्या. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, कधी मेहरूनच्या घरचं डाळगोश्त. समोर माठ असायचा, त्याच्याकडे बघावंसंही वाटायचं नाही.

"उंट झालो आपण," मेहरून एकदा हसत म्हणाली.

कंपनीलाही द्वारकाचं कौतुक वाटलं. तिचा हसरा फोटो डेपोच्या भिंतीवर लागला. पुढच्या वर्षी तिला गाडीवरून उतरवून नव्या मुलींची प्रशिक्षक केलं. दिवसभर कचेरीत बसायचं, मुलींना रस्त्याचे नियम शिकवायचे आणि पहिल्या आठवड्यात गोळी कशी घ्यायची ते समजावायचं. कचेरीच्या मागेच पांढऱ्या फरशीचं स्वच्छ स्वच्छतागृह होतं. त्याला कुलूप नव्हतं.

गोळी बंद करायची, असं द्वारकाने काही ठरवलं नाही. एका सकाळी ती घ्यायची राहिली. दुपारी डोकं जड झालं, जीभ टाळ्याला चिकटली आणि तिला कळेना, आपल्याला काय होतंय. मग एकदम उमगलं. तिने उठून थंड पाण्याचे दोन पेले प्यायले. इतकं बरं वाटलं, की दुसऱ्या दिवशीही तिने गोळी घेतली नाही. नंतर घेतलीच नाही.

"मॅडम, तुम्ही पण घेता का ही गोळी?" नव्या मुली विचारायच्या.

"घेते की," द्वारका म्हणायची. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ते खरं होतं. वाक्य तोंडात बसलं होतं, ते तसंच चालू राहिलं.

तोवर तृप्ती सगळीकडे पसरली होती. बंदोबस्तावर उभ्या राहणाऱ्या महिला पोलीस घेऊ लागल्या, दवाखान्यातल्या परिचारिका घेऊ लागल्या. परीक्षेच्या दिवशी आया मुलींना दह्याबरोबर गोळी देऊ लागल्या. शहरात नव्या बांधलेल्या एका बाजारपेठेत बायकांसाठी स्वच्छतागृहच काढलं नव्हतं. कुणी तक्रार केली नाही, तेव्हा पुढच्या बाजारपेठेतही काढलं नाही. सुगम वाहिनीच्या थांब्यांवर संडासासाठी राखलेल्या जागेत चार्जिंगचे आणखी खांब उभे राहिले. ते खांब उभे राहताना द्वारकाने खिडकीतून पाहिले. आता यावर बोललं पाहिजे, असं तिच्या मनात आलंही. पण गोळी छान चालली होती आणि मागणी करायला आता कुणी मागे उभं राहिलं नसतं.

एक गोष्ट हिशेबात धरली गेली नव्हती. गोळी मूत्रपिंडांना थांबवत होती, घामाला नाही. गाड्या वातानुकूलित होत्या खऱ्या, पण बॅटरी वाचावी म्हणून दुपारी ती यंत्रणा बंद ठेवायचा तोंडी हुकूम होता. बायकांच्या पाठीवर घामाने मिठाचे नकाशे उमटत. आत पाणी येत नव्हतं, आणि ते कमी झाल्याचं सांगणारी तहानही उरली नव्हती.

मेहरूनला आधी झापड येऊ लागली. जेवण झालं की डोळे मिटायचे. ती गाडी बाजूला घ्यायची, तोंडाला पाणी मारायची आणि पुढे निघायची. मग पायाला मुंग्या येऊ लागल्या. डेपोतल्या तपासणीत तिच्या रक्तात साखर निघाली. घरात कुणाला नव्हती, अंगावर चरबी नव्हती, गोडाची आवड नव्हती. वर्षभरात डेपोतल्या आणखी बऱ्याच जणींचं तेच झालं. सगळ्या काटक, सगळ्या कामसू.

डॉ. मृण्मयी पळसुले या जेवणानंतर शरीरात काय घडतं याचा अभ्यास करणाऱ्या. त्यांना ही गोष्ट कुणाकडून तरी कळली आणि त्या पुण्याहून आल्या. बायका दंडाला साखर मोजायचं यंत्र लावून घ्यायला बिचकत होत्या. तेव्हा रणदिवे द्वारकाला म्हणाले, "तुम्ही पुढे बसा. तुमचं पाहून बाकीच्या बसतील."

द्वारका आणि मेहरून शेजारी शेजारी बसल्या. दोघींचं रक्त काढलं, दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवली. दोघींना सारखं जेवण दिलं. एक भाकरी, वरण, भाजी, बटाटा. मेहरून खूप दिवसांनी द्वारकाबरोबर जेवत होती, त्यामुळे खुशीत होती.

"साहेबीण झाल्यापासून डब्याला येत नाहीस," ती म्हणाली. "आज डॉक्टरीणबाईंनी धरून आणली तुला."

जेवण झालं. समोरच्या पडद्यावर दोन रेषा चढू लागल्या, एक निळी आणि एक तांबडी. बराच वेळ त्या जोडीने चढल्या. मग निळी वाकली, हळूहळू उतरत गेली आणि होती तिथे येऊन टेकली. तांबडी चढतच राहिली. चढून थांबली आणि वरच बसून राहिली. मेहरूनचे डोळे जड झाले होते, तरी ती रेषेकडे बघत होती.

"तांबडी माझी ना?"

"हो, मेहरूनताई." डॉक्टर खुर्ची ओढून दोघींच्या समोर बसल्या. "भाकरीची साखर होऊन ती रक्तात येते. मग इन्सुलिन येतं आणि ती साखर पेशींमध्ये पोहोचवतं. द्वारकाताईंचं तसं झालं. तुमच्या शरीरात पाणी कमी आहे, म्हणून तुमचा मेंदू सारखं व्हॅसोप्रेसिन सोडतोय. ते नुसतं मूत्रपिंडांनाच ऐकू येत नाही, यकृतालाही येतं. यकृताला वाटतं, काहीतरी संकट आलंय. ते आपल्या साठ्यातली साखर बाहेर काढतं. म्हणजे भाकरीची साखर एकीकडून आणि यकृताची दुसरीकडून. त्यात पाण्यावाचून आकसलेल्या पेशी इन्सुलिनचं नीट ऐकत नाहीत. मग साखर रक्तातच फिरत राहते. जेवणानंतर अंगात जी जराशी ऊब येते, तीही तुमच्यात आली नाही. जेवण पोटात गेलं, पण अंगी लागलं नाही."

"पाणी प्याले की होईल नीट?"

"एखाद्या दिवसाचं असतं तर झालं असतं." डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही वर्षानुवर्षं रोज कोरड्या अंगाने जेवलात. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्याने थकून जातात. त्या किती सावरतील, ते मला आज सांगता येणार नाही."

मग त्या द्वारकाकडे वळल्या. त्यांच्या आवाजात उत्सुकता होती, दुसरं काही नव्हतं.

"द्वारकाताई, तुमचं रक्त अगदी नितळ आहे, गोळीचा अंशही नाही. म्हणूनच ही तुलना मला इतकी उपयोगी पडली. तुम्ही गोळी कधी बंद केलीत?"

खोलीत दुसऱ्याही बायका होत्या. त्यातल्या निम्म्या द्वारकाच्या हाताखाली शिकलेल्या.

"मी..." द्वारका म्हणाली.

मेहरून तिच्याकडे वळली. झापड उडाली होती. "कधी सोडलीस?"

"वर कचेरीत बसायला लागल्यावर."

"म्हणजे साहेबीण झालीस तेव्हाच."

"ठरवून नाही गं. एक दिवस राहिली. मग वाटलं, आता इथं आहेच की सोय..."

"सोडलीस ते चांगलंच केलंस," मेहरून म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मला सांगायचं होतंस. मी काय म्हणाले असते? मी पण सोडली असती. निदान विचारलं तरी असतं, की का सोडलीस."

"मेहरून..."

"गेल्या महिन्यात मी तुला फोन केलता. म्हणलं, गोळीनं तर होत नसंल? तू काय म्हणालीस?"

काय म्हणाली होती ते द्वारकाला आठवत होतं. मी पण घेतेच की, मला काही झालं का?

मेहरूनने दंडावरची चकती स्वतःच्या हाताने सोलून टेबलावर ठेवली. कमरेची गाठ घट्ट केली. "माझी ड्यूटी आहे," असं डॉक्टरांना सांगून ती गाडीकडे निघून गेली. निळी रेषा पडद्यावर तशीच सपाट होती.

त्यानंतर मेहरून तिच्याशी बोलली नाही. भांडलीही नाही. डेपोत समोर आली की बाजूने निघून जायची, रस्त्यात उभ्या असलेल्या खांबाला वळसा घालावा तशी. वर्ष सरायच्या आत तिची डोळ्यांची तपासणी झाली. साखरेने दृष्टिपटलातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. परवाना गेला. शेवटच्या दिवशी तिने गाडी डेपोत आणली, एका दमात मागे घेऊन दोन गाड्यांच्या मधल्या फटीत अचूक लावली आणि उतरली. द्वारकाने ते वरच्या खिडकीतून पाहिलं. ती खाली गेली नाही.

डॉ. पळसुल्यांचा अहवाल बाहेर आला तसा गोंधळ माजला. आरोग्य खात्याने सुनावणी ठेवली. सुनावणीच्या आधी रणदिवे द्वारकाच्या टेबलाशी आले. तेही वर्षभरात म्हातारे दिसू लागले होते.

"तुम्ही एवढंच सांगा," ते म्हणाले, "की तुम्ही गोळी घेत होता आणि तुम्हाला त्रास झाला नाही. तेवढ्याने पुष्कळ फरक पडेल."

"घेत नव्हते ना साहेब."

"सुरुवातीला घेत होतात. ते खोटं नाही."

ते खरोखरच खोटं नव्हतं. असल्याच खऱ्या वाक्यावर द्वारका इतके दिवस जगली होती. सुनावणीत ती उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. गोळी स्वीकारायला बायकांना आपणच तयार केलं, संडासाची मागणी आपणच सोडून दिली, आपल्याला सोय मिळाल्यावर गोळी टाकली आणि तरी इतरांना घेते म्हणून सांगत राहिलो. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "तुम्ही असं का केलंत?" "मला तहान भागवायला मिळाली होती," द्वारका म्हणाली. "मग दुसऱ्याची आठवणच राहिली नाही."

कामाच्या ठिकाणी गोळी देण्यावर बंदी आली. द्वारकाने प्रशिक्षकाची खुर्ची सोडली आणि पुन्हा तुळजापूरचा मार्ग मागून घेतला. चार्जिंगचे खांब उखडून संडास बांधायचा ठराव झाला, पण ते काम रेंगाळत राहिलं. गोळी गेली, संडास आला नाही. बायका पुन्हा बाटल्या भरून नेऊ लागल्या आणि भरलेल्याच परत आणू लागल्या. फरक एवढाच, की आता तहान लागत होती.

सगळ्यांना लागत नव्हती. ज्यांनी फार वर्षं गोळी घेतली होती, त्यांच्या मेंदूतल्या त्या पेशी गप्पच राहिल्या. इतका काळ कुणी ऐकलं नाही म्हणून त्यांनी हाक मारणंच सोडलं, असं डॉ. पळसुले म्हणाल्या. त्यांना याहून चांगलं स्पष्टीकरण देता येत नव्हतं.

त्या वर्षी रमजान पावसाळ्याच्या अखेरीस आला. एका दुपारी द्वारकाला मेहरूनच्या अम्मीचा फोन आला. "आज इफ्तारीला ये बेटी," म्हातारी म्हणाली. "मेहरूनला मी सांगितलंय. ती काही बोलली नाही. नको असंही म्हणाली नाही."

द्वारका ड्यूटीवरून तशीच गेली. दस्तरखानावर खजूर होते, कलिंगडाच्या फोडी होत्या, भजी होती. अम्मी डोक्यावर पदर घेऊन बसली होती. मेहरून भिंतीला टेकून बसली होती. जाड काचांचा चष्मा होता. डॉक्टरांनी तिला रोजा ठेवायला मनाई केली होती. तिच्या मनगटावरचं घड्याळ किणकिणलं, तसा तिने शेजारचा पेला उचलला आणि औषध घ्यावं तसं पाणी पिऊन खाली ठेवला.

अजान झाली. अम्मीने खजूर तोंडात टाकला आणि पाण्याचा पहिला घोट घेतला. तिचे डोळे आपोआप मिटले. सुरकुतलेल्या गळ्यातून घोट खाली गेला आणि तिच्या तोंडून नकळत अल्लाचं नाव निघालं. मेहरून ते एकटक बघत होती.

"मला काई होत नाही आता," ती अचानक म्हणाली. इतक्या दिवसांनी ती द्वारकाशी पहिल्यांदा बोलत होती. "मागल्या साली डॉक्टरला न सांगता एक रोजा ठेवला. म्हणलं बघू तरी. दिवसभर काई वाटलं नाही. संध्याकाळी पाणी पिलं, तर ते नुसतं पाणी. थंड आहे एवढं कळतंय. बाकी काईच नाही. असल्या रोज्याचा काय उपयोग? अल्लाला काय दिलं मी?"

द्वारकाने उचललेला खजूर खाली ठेवला. "माझं चुकलं, मेहरून," ती म्हणाली. हे वाक्य तिने मनात कितीदा म्हटलं होतं. मोठ्याने म्हटल्यावर ते फारच लहान वाटलं.

"ते मला ठाव आहे," मेहरून म्हणाली. तिने तांब्या पुढे ओढला आणि पेला भरला. चष्म्यातून द्वारकाच्या सुकलेल्या ओठांकडे नीट निरखून पाहिलं. "सकाळपासनं पाणी नाही पिलीस तू. थांब्यावर अजून काई बांधलं नाही म्हणे."

"नाही बांधलं."

"मग पी. मला बघू दे."

द्वारकाने पेला घेतला. मेहरूनच्या समोर पाणी पिणं तिच्या जिवावर आलं होतं. सावकाश, दोनच घोट प्यायचे असं तिने ठरवलं. पण पाणी जिभेला लागलं आणि ठरवलेलं सगळं विरून गेलं. घसा, छाती, बोटांची टोकंसुद्धा त्या पाण्याकडे धावली. तिने घटाघट पेला रिकामा केला आणि तिचेही डोळे मिटले.

उघडले तेव्हा मेहरून तिच्याकडे अगदी जवळून बघत होती. ती रागावलेली नव्हती. खिडकीबाहेरून दुसऱ्याच्या घरातला दिवा बघावा, तसं ते बघणं होतं.

"अजून पायजे?" तिने विचारलं.

नको, असं म्हणायचं द्वारकाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिला तहान लागली होती. तिने पेला पुढे केला.